वर्षात दुप्पट

परवा लाखांदूरच्या बसमध्ये शेजारच्या माणसाच्या अत्तराचा उग्र वास आला आणि लॉकडाऊननंतर आमच्या घरी आलेला तो एजंट आठवला. तेव्हा कामधंदे बुडाले होते, जो तो हातचा पैसा धरून बसला होता. आमच्याच चहात बिस्कीट बुडवत तो आईला म्हणाला, "काकू, बँकेत पैसा सडून राहिला. वर्षात दुप्पट करून देतो." आईने विचारलं, "तुह्या मायचे किती टाकले?" तो हसला, "तिले काय समजते?" "मंग मले कायले समजावून राहिला?" म्हणत आईने त्याच्यापुढची बशी उचलली. चौथी शिकलेल्या आईपेक्षा मला जास्त कळतं, या गुर्मीत दुसऱ्या दिवशी मी त्याला माझी सगळी बचत दिली. दिवाळीआधीच तो पळाला. तो भामटा होताच; पण आईला हे अजून न सांगणाऱ्या माझी मला जास्त किळस येते.