स्लिप कुणी उलटून पाहिली नाही

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात फौजदार होतो. राजारामपुरीतल्या एका कापड दुकानदाराने तक्रार दिली, की बँकेच्या खात्यातून कुणीतरी त्याचे दोन हजार रुपये काढले. पैसे काढायच्या स्लिपवरची सही मात्र त्याचीच होती. रांगेत वेळ नको म्हणून हे गृहस्थ कोऱ्या स्लिपांवर सह्या करून पासबुकात ठेवायचे! पासबुकाची शिलाई सुटली, तेव्हा स्लिपांसकट ते गल्लीतल्या बाइंडरकडे दिलं.

"सही जुळली, आमची जबाबदारी संपली," मॅनेजर म्हणाले.

कॅशियर त्यांच्या वरचढ. "टोकन आणलं, पैसं दिलं. गर्दीत चेहरं कोण बघत बसतंय?"

दुकानदाराचं पालुपद एकच, "मी बँकेत गेलोच न्हाय, तवा बँकेनं पैसं भरावं." बाइंडर चोर, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

त्यातच खबऱ्याने सांगितलं, बाइंडरने नवं कटिंग मशीन घेतलंय. मी त्याला उचललं. वयस्कर मुसलमान गृहस्थ, एका शाळेची पुस्तकं बांधून घर चालवणारा. मशीन हप्त्यांवर घेतल्याच्या पावत्या त्याने दाखवल्या, तरी दोन दिवस चौकशी चालवली. "सायेब, ती स्लिप तरी दावा की," तो सारखा म्हणे. मी दरडावून गप्प करी.

तिसऱ्या दिवशी वैतागून फाइल त्याच्यापुढे टाकली. पंचनाम्याला टाचलेली स्लिप त्याने हाताच्या सवयीने उलटली.

"सायेब, हितं मागं कुणाची सही हाय?"

पैसे घेणाऱ्याने मागे सही करायची, हा बँकेचाच नियम. तिथे दुकानदाराच्या मेव्हण्याचं पूर्ण नाव होतं! बाइंडरकडून पासबुक आणायला दुकानदाराने त्यालाच पाठवलं होतं. बोलावल्यावर तो बिनदिक्कत म्हणाला, "दाजींचंच पैसं हायती की. घरातलं घेतलं तर चोरी कसली?"

मॅनेजर, कॅशियर, दुकानदार आणि मी, चौघांनी ती स्लिप हाताळली होती. मला स्वतःचीच चीड आली.

मेव्हण्याने पैसे परत केले, घरच्यांनी आपसात मिटवलं. कोऱ्या स्लिपवर सही करू नका, पैसे देताना माणूस बघा, हे मी पुढे सगळ्यांना ओरडून सांगितलं. पण शाळेने बाइंडरचं काम काढून घेतलं होतं. मी मुख्याध्यापकांकडे गेलो. तो निर्दोष आहे, चूक माझी होती, असं स्पष्ट सांगितलं.

"तुमचं मन मोठं, साहेब," ते हसून म्हणाले. "पण तुमच्यासारखा अधिकारी उगाच कुणाला उचलतोय व्हय?"

काम दुसऱ्याला गेलं ते गेलंच.