दादाच्या शेततळ्यातलं स्वच्छ पाणी

आमच्या संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात पाण्यावरून घराची पत ठरते. ज्याच्या रांजणातलं पाणी नितळ, तो शहाणा. माझा थोरला भाऊ या हिशेबाने महाशहाणा. तांब्यात एक कण दिसला तरी पाहुण्यांसमोर बायकोला सुनावणारा.

त्याच बायकोने, म्हणजे माझ्या वहिनीने, शेततळ्यात मासे वाढवायचं मनावर घेतलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन तिने रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं आणली. दादाने उपकार केल्यासारखी मुदत दिली. होळीपर्यंत मासे विकण्याजोगे झाले नाहीत, तर तळं फक्त संत्र्याला आणि ती परत कांद्याच्या निंदणाला.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याला गाळ नसतो, म्हणून वहिनीने शेण कालवून सोडलं. थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं. पिल्लांचं खरं जेवण त्या हिरव्यातच असतं. दादाला मात्र त्या पाण्याची लाज वाटली, जाणारे-येणारे काय म्हणतील म्हणून. त्याने तुरटीचे खडे पोत्यात बांधले, तळ्यात फिरवले आणि रांजण निवळावा तसं अख्खं तळं निवळलं. वर दर पंधरवड्याला बोअरचं गार पाणी. खायला भाकरीचा चुरा, तोही एकादशीला बंद, कारण त्या दिवशी घरात भाकरी होत नाही. माशांना पुण्य लागलं असेल, अंगाला काही लागलं नाही.

वहिनी वाद घालू लागली तेव्हा निवाड्याला मला बोलावलं. मी बुलढाण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. दादाने मला बांधावर उभं केलं. पाण्यातून प्लास्टिकचे जोड दिसत होते. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "पाणी झकास ठेवलंय, दादा."

मग भरीत-भाकरी हाणली आणि एसटी धरली.

होळीला जाळं ओढलं. मासे वीतभरही नव्हते. डोकी मोठी, अंगं वाळलेली. तळ्यात सोडून उरलेली मूठभर पिल्लं वहिनीने गावच्या म्हशींच्या डबक्यात सोडली होती, ती चांगली हातभर झाली होती. दादाचं म्हणणं, बीजच खोटं निघालं, आणि डबक्यातले मासे घाण खाऊन फुगले. असल्या अकलेपुढे कोण काय बोलणार? संत्र्याला पाणी द्यायला त्याने त्याच दिवशी तळ्याला मोटर लावली.

वहिनी खुरपं घेऊन निघाली होती. जाता जाता तिने विचारलं, हिरव्या पाण्याचं तुमच्या पुस्तकात आहे का. आहे म्हणालो, दरवर्षी मीच शिकवतो.

"मंग तुमाले ठाऊक होतं, त त्या दिवशी काऊन नाही बोलले, भाऊजी?"

थोरल्या भावाला त्याच्याच बांधावर खोटं पाडायचं नाही, याला आमच्या घरात वळण म्हणतात. मी तेवढंच सांगितलं. ती कांद्यात जाऊन निंदायला बसली. दादाला मी जन्मभर अडाणी म्हणत आलो. त्याला निदान माहीत तरी नव्हतं.