कुलंग की करकोचे

आम्ही त्या पाखरांना करकोचे म्हणतो. माझा दोस्त कुलंग म्हणायचा. त्याच्या घरात आज्यापासून कुलंगच चालत आलेलं, आमच्यात करकोचे. एवढ्यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, आणि भांडायला दुसरं काही नव्हतं.

गावाच्या फाट्यावर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. आधी बापाचं, मग त्याचं. फाट्यापलीकडच्या शाळेत मी मास्तर. अख्खा गाव मला सर म्हणतो. तो तेवढा 'बे' म्हणायचा. हिवाळ्यात हरभरा घाट्याला आला की एखाद्या रविवारी पहाटे तो दारात गाडी आणून उभी करायचा आणि हॉर्न न वाजवता नुसती रेस द्यायचा. मी मफलर गुंडाळून मागे बसायचो. मांजरसुंब्याला चहा, मग केजवरून मांजरा धरणाच्या फुगवट्याला.

पाणी ओसरून जिथं गाळ उघडा पडतो, तिथं ती बसतात. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुपका. किती लांबून येतात ते मी त्याला पुस्तकातलं सांगायला लागलो की तो म्हणायचा, "गप बे. ऐकू दे." मग डोळे मिटून ऐकायचा, गिऱ्हाईकाचं इंजिन ऐकतो तसा.

"टायमिंग बघ. एवढ्या दुरून आले, पण आवाज फाटला न्हाई."

"करकोचा हाय तो. त्याला काय कार्बोरेटर हाय का?"

"कुलंग म्हण, मंग सांगतो."

"न्हाई म्हणत."

"नको म्हणू. मरताना म्हणशील."

थवा चरत असताना एक पाखरू मान वर करून उभं राहायचं. ते तोंड खाली घालायचं नाही. काही हललं की आधी ते ओरडायचं, मग सगळे उडायचे. तो मला कोपरानं ढोसून म्हणायचा, "हे तुझ्यावानी मास्तर. खाईना, पिईना, नुसतं बघायलंय." मी हसायचो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर फाट्यावर दोन पोरांची गाडीला गाडी घासण्यावरून मारामारी झाली. एक आमच्या गावचा, दुसरा माझ्या दोस्ताच्या नात्यातही नव्हता, फक्त त्याच्या धर्माचा होता. मारामारी दुपारी मिटली. मोबाइलवर मात्र ती संध्याकाळपर्यंत वाढत गेली. दुसऱ्या दिवशी देवळासमोर बैठक बसली आणि फाट्यावर बाहेरच्यांची दुकानं नकोत असं ठरायला लागलं. बाहेरचे म्हणजे कोण हे कुणी बोलून दाखवलं नाही. माझी पहिली सायकल त्याच्या बापानं त्याच पत्र्याखाली उभी करून दिली होती. मी ओट्याच्या कडेला बसलो होतो आणि मला हे सगळं माहीत होतं.

सगळ्यांना आमची दोस्ती ठाऊक. त्यामुळे एकानं मुद्दाम वळून विचारलं, "सर, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "सगळ्यांचं तेच माझं."

एवढंच. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. नाही म्हणालो असतो तर मला कुणी मारलंही नसतं. चार दिवस लोक तुटक वागले असते, पारावर मी गेल्यावर विषय बदलला असता. तेवढंही मला नको होतं. बायकोला मी घरी येऊन सांगितलं की बैठकीत बोलायची संधीच मिळाली नाही. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही याचं मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

त्यानं दोन दिवसांत दुकान उतरवलं. पत्रे टेम्पोत भरत होता तेव्हा मी शाळेच्या खिडकीतून बघितलं. वर्ग चालू होता म्हणून गेलो नाही असं मी स्वतःला सांगितलं. मधली सुट्टी झाली तरी गेलो नाही.

यंदा हरभरा घाट्याला आला. रविवारी पहाटे मी जागाच होतो. दारात रेस ऐकू आली नाही, येणारही नव्हती. शेवटी माझीच गाडी काढली आणि फुगवटा मागे टाकून आधी अंबाजोगाईला गेलो. तिथं तो मेहुण्याच्या गॅरेजात कामाला लागला होता, हे मला चौसाळ्याच्या बाजारात कळलं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. शेवटी ठरवलं की एकच म्हणायचं, चल कुलंग बघायला. इतक्या वर्षांत न म्हटलेला तो शब्द म्हटला की त्याला सगळं कळेल, असं मला वाटत होतं.

तो चाक खोलत बसला होता. मला बघून उठला, हात फडक्याला पुसले, आणि मेहुण्याची खुर्ची पुढं केली.

"या सर. बसा."

मी उभाच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तो मला सर म्हणाला.

"चहा घेता का? सांगतो."

"नको. बरा हायस ना?"

"हो, बरं हाय सगळं. तुमी बरे ना? वहिनी बऱ्या?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. गिऱ्हाईकाशी बोलतात तसं बोलत होता, नीट, अदबीनं. माझ्या तोंडात तो शब्द होता, पण त्या खुर्चीसमोर तो निघेना. तो पुन्हा चाकाजवळ बसला, पाना उचलला, आणि मान वर न करता म्हणाला,

"यंदा आले का तुमचे करकोचे?"

एवढी वर्षं भांडून मी जे त्याच्याकडून वदवून घेऊ शकलो नव्हतो, ते त्यानं आपणहून देऊन टाकलं. त्या शब्दाआधी 'तुमचे' लावून.

"बघायला चाललोय," मी म्हणालो.

"बघा. सावकाश जा."

फुगवट्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. थवा होता, भरपूर होता. वरून आणखी एक ओळ उतरत होती आणि सगळं आभाळ त्या घुमणाऱ्या आवाजानं भरलं होतं. मी डोळे मिटून ऐकून बघितलं. मला टायमिंग कळलं नाही.

बांधावर हरभरा उपटणारी एक बाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काय बघायलात, दादा?"

"कुलंग."

"काय?"

"ती पाखरं. कुलंग म्हणतात त्यांना."

"आमी तर करकोचे म्हणतो बाई," ती म्हणाली आणि कामाला लागली.

अखेर मी म्हणालो. मोठ्यानं, स्वच्छ म्हणालो, आणि जिभेला जराही जड गेलं नाही. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.