पिन बसली आणि लॅपटॉप गेला

मित्रांनो, आज दुपारी स्वातीच्या लॅपटॉपमधून जळका वास आला आणि त्याच क्षणी माझं सगळं संपलं.

स्वातीवर माझा जीव आहे, आणि तिची तासाभरात नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. तिच्या लॅपटॉपचा चार्जिंगचा अडॅप्टर बंद पडला, म्हणून मी जळगावात कॉम्प्युटरच्या दुकानाकडे धावलो.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, जुना घेऊन या, व्होल्ट बघावे लागतील."

मी तापलो. "पिन अशीच आहे, द्या." केळीच्या ठिबकचे जोड आम्ही असेच घेतो, बसला की चालला.

तिच्या घरी येऊन लावला, तर याचे व्होल्ट जास्त निघाले आणि लॅपटॉप जळाला.

"मोबाइलवरून दे ना मुलाखत," मी म्हटलं.

स्वाती म्हणाली, "कॉलेजही असंच सोडलंस, कुणाचं न ऐकता. जा आता."

तुम्ही तरी आधी व्होल्ट जुळवा. आणि सांगा, अशा वेळी माफी कोणत्या तोंडाने मागतात? मी माफी न मागताच बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.