सासूबाईंचे अलंकार

कापडगिरणीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. तपासणीच्या टेबलाला खालून दिवा असतो, वरून कापड सरकत जातं, आणि गाठ, तुटका धागा, तेलाचा ठिपका जिथे दिसेल तिथे कडेला लाल दोरा बांधायचा, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ती ते उभ्यानेच करत आली होती. स्टूल होतं, पण तिला बसवत नसे. बसली की पाय हलायला लागत, पाय आवरले की बोटं चालू होत. घरातल्या एकाही फोटोत तिचा चेहरा धड आलेला नव्हता, कारण बटण दाबायच्या क्षणी ती हमखास हलायची.

त्या वर्षी तिच्या पाळीची मुख्य तपासनीस निवृत्त होणार होती. ती जागा आपलीच, हे भिंगबाईने धरूनच ठेवलं होतं. पण नव्या साहेबांनी नियम काढला, की शालान्त परीक्षा पास असल्याशिवाय मुख्य तपासनीस होता येणार नाही. तिची शाळा त्या परीक्षेच्या आदल्या वर्षीच, नववीत, सुटली होती. चार दिवस तिने घरात भांडी आपटली आणि पाचव्या दिवशी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून आली.

रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग भरे. बाकं लहान मुलांची, गुडघे वरच्या फळीला लागत. गणित तिला जमलं. विज्ञानही जमलं. घोडं अडलं ते भाषेत, आणि भाषेत नेमकं अलंकारांपाशी.

शिकवणारी बाई तिच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी असेल. तिने फळ्यावर लिहिलं, 'तिचे मुख चंद्रासारखे आहे.' मुख हे उपमेय, चंद्र हे उपमान, आणि 'सारखे' म्हटलं म्हणून हा उपमा अलंकार. भिंगबाई उभी राहिली आणि म्हणाली, की चंद्रावर डाग असतात, आमच्याकडे असा माल परत येतो. वर्ग हसला. ती मात्र चेष्टा करत नव्हती. बाईने समजावलं, की सारखा असेल तेवढाच भाग घ्यायचा, बाकीचा सोडून द्यायचा. सोडून द्यायचा! एकोणीस वर्षांत तिने एक तुटका धागा सोडला नव्हता.

पुढच्या रविवारी तर कहरच झाला. उत्प्रेक्षेत 'जणू' म्हणून नसलेलं असल्यासारखं सांगायचं. रूपकात तर 'जणू'ही गाळायचं, सरळ हे म्हणजेच ते. आणि अतिशयोक्ती म्हणजे उघड उघड थाप, तीही मार्क देऊन घेतलेली. सराव परीक्षेत अलंकारांच्या पंधरा मार्कांपैकी तिला तीन पडले. खाली बाईने लाल शाईने लिहिलं होतं, 'पाठ करू नका. घरात कान उघडे ठेवा.'

आठवडाभर ती घरभर नुसती येरझारा घालत राहिली. नवरा काचा बसवायच्या कामावरून थकून येई. तो एकदा एवढंच म्हणाला, की तू जरा खाली बस, मला गरगरायला लागलंय.

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता ती गॅससमोर उभी राहून पुस्तक वाचत होती आणि दूध उतू गेलं. दारात सासूबाई येऊन थांबल्या. वय त्र्याहत्तर, शाळा दोन वर्षांची, सही करण्यापुरती अक्षरं येत. पण त्यांच्या जिभेला आख्खी गल्ली वचकून असे.

"काय नजर आहे आमच्या सूनबाईंची," त्या म्हणाल्या. "गिरणीत केसाएवढा धागा दिसतो. नाकासमोरचं दूध तेवढं दिसत नाही."

एरवी हे वाक्य दिवसभर सलत राहिलं असतं. पण पुस्तकाचं उघडं पान व्याजस्तुतीचं होतं. वरून स्तुती, आतून निंदा. भिंगबाईने गॅस बंद केला आणि ओल्या हाताने पानाच्या कोपऱ्यात सासूबाईंचं वाक्य लिहून काढलं. मग तिच्या लक्षात आलं, की ते आपल्याला लागलंच नाही.

तिने नवी वही घेतली. वरती लिहिलं, 'आईंचे अलंकार'. गिरणीच्या सवयीने समास आखला आणि वार, वेळ, प्रकार असे रकाने पाडले. ती वही दोन दिवसही कोरी राहत नसे. 'वाऱ्यावरच्या कागदासारखी फिरतेस', शुक्रवार, उपमा. 'चहा कसला, जणू कपबशा विसळलेलं पाणीच', शनिवार, उत्प्रेक्षा. 'तुझे पाय म्हणजे भिंगरी', रूपक. 'नळाला नाही पाणी, सून झाली राणी', यमक. 'इस्त्री बघ कशी रुसून बसलीय', चेतनगुणोक्ती. एकदा बाजारातून यायला उशीर झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझी वाट बघून बघून या खुर्चीच्या पायाला पालवी फुटली." तिने पिशवी न ठेवताच वही काढली. पुढच्या सराव परीक्षेत तिला अकरा मार्क मिळाले.

मग तिला चटकच लागली. आठवडाभर श्लेष मिळेना, तेव्हा ती मुद्दाम कपडे वाळत घालायचे विसरली. कधी भाजी जरा जास्त होऊ दिली. हे बरं नाही, हे तिला कळत होतं. पण सासूबाईंनी तोंड उघडलं की तिचे कान टवकारले जात आणि बोटं पेन शोधत.

नणंद चार दिवस राहायला आली होती. कपाटात टॉवेल शोधताना तिच्या हाताला वही लागली. 'आईंचे अलंकार' वाचून तिला वाटलं, वहिनीने आईच्या दागिन्यांची यादी करून ठेवलीय, म्हातारी जिवंत असतानाच. तिने रागारागाने वही उघडली. आत एकही बांगडी नव्हती. आत आईची बोलणी होती, वार-वेळेसकट.

भिंगबाई कामावरून आली तेव्हा तिघंही बाहेरच्या खोलीत बसलेली होती. नवऱ्याला साइटवरून बोलावून घेतलं होतं, त्याच्या बोटाला अजून काच बसवायची पुट्टी चिकटलेली. नणंदेने वही मोठ्याने वाचायला घेतली. वहिनी हे सगळं कोर्टात दाखवायला लिहितेय, की नातेवाइकांत वाटायला, असं तिने विचारलं. परीक्षेसाठी, असं भिंगबाई म्हणाली, पण ते तिच्या स्वतःच्या कानालाही खोटंच वाटलं.

सासूबाई लेकीला हाताने थांबवून म्हणाल्या, "वीस वर्षं बोलले. एकदा उलटून बोलली नाहीस. मला वाटायचं, हिच्या डोक्यावरून जातंय. तू मनात लिहीतच होतीस की."

ते खरं होतं. वही नवी होती, पण जुनी वाक्यंही तिला तोंडपाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलंसुद्धा. ती दाराशी उभी राहून पर्सचा पट्टा पिळत राहिली.

"हो, लिहीत होते," ती अखेर म्हणाली. "आई, तेव्हा लागायचं. कागदावर लिहायला लागले तेव्हापासून लागत नाही. शप्पथ."

नवऱ्याने नणंदेच्या हातातून वही घेतली आणि टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई साध्या बोलायला लागल्या. 'दूध उतू जातंय.' 'नळ चालू आहे.' 'मला भूक नाही.' तोलूनमापून, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असल्यासारखं. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. हवी होती ती शांतता घरात आली होती आणि तिच्यात भिंगबाईचा जीव टांगणीला लागला होता. ती पुस्तक उघडून खिडकीशी उभी राही, मग दाराशी, मग जिन्यात. गिरणीत टेबलावर कापडातली दोन भोकं तिच्या नजरेतून सुटली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने तपासलेला तागा गिऱ्हाइकाकडून परत आला. तिने सासूबाईंची माफी मागितली. त्यांनी 'बरं' म्हटलं. त्या 'बरं'ला धरायला कुठेच टोक नव्हतं.

भाषेच्या पेपरला ती बाकाच्या कडेवर टेकून बसली. सहावा प्रश्न अतिशयोक्तीचा होता, उदाहरण स्वतःचं हवं. पुस्तकातली दोन तिला येत होती. पेन कागदावर टेकवून ती बराच वेळ थांबली. विचारल्याशिवाय घ्यावं का? मग तिने खुर्चीची पालवी लिहिली.

घरी आली तर सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या होत्या. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही.

"माझं काही आलं का त्यात?" त्या म्हणाल्या.

भिंगबाईने सांगितलं, की आलं. तुमच्या खुर्चीला पालवी फुटल्याचं लिहिलं.

"खुर्चीला?" सासूबाई एकदम ताठ झाल्या. "खुर्चीच्या पायाला म्हणाले होते मी. पालवी काय पाठीला फुटते होय?"

भिंगबाईने वही काढून बघितलं. वहीत बरोबर होतं, पेपरात घाईत 'पाय' राहून गेला होता. सासूबाई संध्याकाळपर्यंत धुसफुसत होत्या. त्यांचा धुसफुसण्याचा आवाज स्वयंपाकघरातून ऐकताना ती कितीतरी दिवसांनी धड जेवली.

भाषेत बावन्न मार्क पडले. जागा मात्र तोवर बाहेरच्या एका माणसाला दिली गेली होती. तो सात महिन्यांत सोडून गेला, मग ती तिला मिळाली. काचेची केबिन, फोन, फिरती खुर्ची. खुर्चीवर ती बॅग ठेवते आणि टेबलाटेबलांमधून फिरत राहते. हाताखालच्या मुली कुजबुजतात, की या बाईला केबिन चावते.

घरात सगळं पूर्वीसारखं झालं, असं काही नाही. सासूबाई पुन्हा बोलतात, पण बोलण्याआधी क्षणभर थांबून सुनेच्या हाताकडे बघतात. हातात पेन नसलं तर कधी सुटल्यासारख्या बोलतात, कधी हिरमुसतात. यातलं नेमकं कशामुळे काय होतं, ते भिंगबाईला अजून उमगलेलं नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.