बरडवाल्यांचा माळ

उस्मानपुऱ्यातून रेहानाच्या स्कुटीवर मागे बसले तेव्हा माझ्या पायांत नवेकोरे पांढरे बूट होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्या बुटांचं काही खरं राहिलं नाही.

मी चिपळूणची. आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका चालवते. रेहाना आणि मी कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. आता ती चिकलठाण्याला एका बियाणं कंपनीत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पैठण रस्त्यावरच्या आपल्या गावी पळते. पोळ्याच्या थोडं आधी तिचा फोन आला. अब्बांनी घरचा माळ मोडायचं ठरवलं होतं. सण झाला की जेसीबी येणार, सगळं गवत उखडून जमीन सपाट करणार आणि वर धरणातला काळा गाळ पसरून मोसंबी लावणार. तू ये, एवढंच तिचं म्हणणं. मी येऊन काय दिवे लावणार, असं विचारलं, तर म्हणाली, अब्बा घरच्यांचं ऐकत नाहीत, पण पाहुण्यांसमोर चिडतही नाहीत. थोडक्यात, मला ढाल म्हणून बोलावलं होतं. मी लगेच हो म्हटलं. अशा ढालीला जेवायला चांगलं मिळतं.

शहर संपता संपत नव्हतं. कारखान्यांच्या भिंती, प्लॉटिंगच्या कमानी, मग ढाबे. ते सरले आणि एकदम आभाळच आभाळ सुरू झालं. आमच्याकडे आभाळ डोंगर आणि माडांच्या मधून दिसेल तेवढंच. इथं ते चहूबाजूंनी जमिनीला टेकलेलं पाहून मी स्कुटीवर जरा घट्ट धरून बसले. सखल भागात कपाशी आणि तूर, मधूनच मोसंबीच्या बागा, आणि दूर चढावर हिरवट-पिवळा, झाडांवाचूनचा लांबच लांब माळ.

डांबरी सोडून गाडीवाटेला लागलो आणि आदल्या रात्रीच्या पावसाने आम्हाला गाठलं. काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये अशी ठासून बसली की चाक फिरेना. उतरले, तर प्रत्येक पावलाला बुटाखाली एकेक थर चढत गेला. मी दोन बोटं उंच झाले, मग चार. काडीने माती खरवडत, स्कुटी ढकलत आम्ही चढाला लागलो. आणि गंमत पाहा, माळाच्या हद्दीत शिरताच चाक मोकळं झालं. तोच पाऊस इथंही पडला होता, पण जमीन पायाला चिकटत नव्हती. बारीक खडे, त्यांच्यामधून पवना आणि मारवेलीचं गुडघाभर गवत, आणि एक टिटवी आमच्या नावाने ओरडत होती. रेहाना मागे वळून नुसती हसली.

तिचे अब्बा, रहीमचाचा, विहिरीपाशी बैल धूत होते. माझे बूट पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आमच्या काळीनं धरलं म्हणा की. लई जीव लावती ती," म्हणाले. बुटांच्या दशेचा एवढा अभिमान वाटलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्यांच्या पिठाची झणझणीत आमटी). बाप-लेक आपसात दखनीत बोलत आणि माझ्यासाठी मराठीवर येत. रेहानाची आई माझ्या ताटात भाकऱ्या वाढत राहिली आणि चाचा मातीविषयी बोलत राहिले. त्यांच्या आजोबांच्या वाट्याला सगळं बरड आलं होतं. बरड म्हणजे हलकी, मुरमाड जमीन. गावात त्यांच्या घराला नावच पडलं, बरडवाले. सोयरीक जमवायला कुणी आलं की बसायच्या आधी पहिला प्रश्न विचारत, काळी किती? त्या प्रश्नाला त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर खाली मान घातली होती.

"माझ्या बापाला काळी मिळाली नाय," चाचा म्हणाले. "म्हणून मी ट्रॅक्टर भरभरून आणली. ह्यात काय चुकलं?"

मला त्यांचं एकदम पटलं. ढालच फितूर व्हायची वेळ आली होती.

रेहाना जेवणावरून उठली. हात धुऊन तिने टिकाव आणि फावडं उचललं, मला खूण केली आणि माळाकडे निघाली. माळाच्या एका पट्ट्यात चाचांनी गेल्या वर्षीच गाळ टाकून मोसंबी लावली होती. रोपं पिवळी पडली होती. खताची कसर आहे, असं चाचांचं म्हणणं. उरलेल्या माळासाठी आणलेल्या गाळाचे ढीग उन्हाळ्यापासून बांधाला लागून होते. त्या पट्ट्याच्या आणि गवताच्या बरोबर सीमेवर आम्ही खणायला लागलो. खड्डे खणण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. चाचा बांधावर येऊन बसले, सुपारी कातरत.

खड्डा कमरेइतका झाला तेव्हा रेहानाने त्यांना आत बोलावलं. ते उतरले. एका बाजूला हातभर काळा गाळ, त्याखाली ट्रॅक्टरच्या ये-जा करण्याने फरशीसारखा दबलेला मुरूम, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी अडकून बसलेलं. मोसंबीची मुळं तिथवर पोचून आडवी वळली होती आणि कुजली होती. वास येत होता. दुसऱ्या बाजूला वरची माती जेमतेम वीतभर, पण गवताची पांढरी मुळं मुरमाच्या फटींतून थेट आमच्या पायांपर्यंत उतरलेली. तिथला मुरूम बोटांनी चुरला जात होता आणि आतून ओला होता.

चाचांनी दोन्हीकडे हात घालून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"गाळ वाईट नाही, अब्बा," रेहाना म्हणाली. "खालच्या कपाशीत टाका, सोनं होईल. पण हा माळ पाऊस पितो आणि तुमच्या विहिरीला देतो. ह्याचं तोंड बंद केलं तर विहिरीनं काय प्यायचं? आणि एकदा उखडलेलं हे गवत तुमच्या-माझ्या हयातीत परत येणार नाही."

चाचा खड्ड्यातून वर आले, हात झटकले आणि घराकडे चालू लागले. रेहाना तिथंच टिकावावर टेकून उभी राहिली. एवढं खचलेलं मी तिला परीक्षेच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण (आमंत्रण) देतात. मुसलमानाच्या घरी पोळा, याचं मला नवल वाटलेलं चाचांनी ओळखलं. बैल आमचे, मग सण कुणाचा, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पळसाच्या पानाने ते एकेक खांदा मळत होते, हळूहळू, वर्षभराचं ओझं पुसून काढावं तसे. रेहाना ताट धरून उभी होती. मग चाचा बैलांच्या कानाशी वाकले. गावात प्रत्येक घरी हेच शब्द बोलतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. चाचांनी मात्र मध्ये एक शब्द घातला, आणि तोही आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आज आवतण घ्या, उद्या माळावर जेवायला या."

रेहानाने ताट खाली ठेवलं. तिने तोंड फिरवलं, पण रडायचं ते रडलीच.

"लेकीला सांगवंना, बैलाला बरं सांगता येतंय," तिची आई म्हणाली, आणि चाचासुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी जेसीबीवाल्याला फोन गेला: ये, पण गाळाचे ढीग खालच्या कपाशीत न्यायला ये. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली, तोंडाला पुरणपोळी लागलेली, असे बैल वाजतगाजत गावातून फिरून आले आणि चाचांनी त्यांना माळावर सोडलं. पोटापर्यंत गवतात उभे राहून ते खाऊ लागले. त्या कराकरा आवाजात रेहाना हात उंचावून नाचली आणि मीही नाचले. उरलेल्या त्या बुटांनिशी. लढाई तिची होती, पण जिंकल्याचा आनंद मला तिच्याइतकाच झाला.

चिपळूणला परतले तेव्हा आमची तांबडी माती नेहमीसारखी पावसात वाहत होती. घरामागचा सडा (उघडं कातळाचं पठार) मी जन्मभर ओसाड म्हणत आले. त्यावरही गवत उगवतं, हे यंदा थांबून पाहिलं. जमिनीला हलकी-भारी ठरवणारे आपण, आणि तिच्या पोटात काय चाललंय ते पाहायला खाली उतरतो कधी?

परवा रेहानाचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. तिच्या चुलतबहिणीला पाहायला जालन्याहून पाहुणे आले होते. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, काळी किती?

चाचा उठून उभे राहिले आणि पायात चप्पल सरकवली. म्हणाले, "काळी हाय थोडी. चहा नंतर घेऊ. आधी आमचा माळ बघायला चला."