शुगरचा आकडा मोठ्याने वाचायचा नाही

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या दिंद्रुडच्या शुगर-वर्गात बायकांनी पुरुषांना मागे टाकलं, त्यांची शुगर भराभर खाली आली. आकडे खरे होते... पण त्यावरून मी काढलेला अर्थ साफ चुकला. त्या पोस्टचं खूप जणांनी कौतुक केलं, म्हणून दुरुस्तीही इथेच करते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... दर बुधवारी दुपारी आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शुगर असलेले लोक जमतात. आपला आजार आपणच कसा सांभाळायचा, ते तालुक्याहून येणारे एक सर शिकवतात. घरून जेवून यायचं, बोट टोचून घ्यायचं आणि मशीनवरचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. टोचायचं आणि वाचायचं काम माझं. माझे आई-पप्पा दोघंही त्या वर्गात आहेत.

आकडा जास्त आला की पुरुष मशीनवर घसरतात. आप्पा, म्हणजे पप्पांचे भाऊ, दर वेळी शेजारच्याला म्हणणार, "सेल गेलाय बे ह्याचा, मी तर नुसतं कारलं खातोय." सगळे हसतात. पप्पा हसत नाहीत, पण घरी आल्यावर भाजीत मीठ नाही म्हणून भांडतात.

बायका मात्र गप्प बसायच्या आणि त्यांचे आकडे छान यायचे... मला वाटलं, केवढी ही शिस्त.

गेल्या बुधवारी आईचं बोट हातात घेतलं तर ते गार, घामाने ओलं. तिची नजर ठरेना. मशीनवर बघितलं तर शुगर फारच खाली गेली होती.

हॉलमध्ये चहासुद्धा बिनसाखरेचा. साखर आणायला कुणाला धाडावं ते मला सुचेना... तेवढ्यात आप्पांनी खिशातून मूठभर लिमलेटच्या गोळ्या काढून पुढे केल्या. कारल्यावर जगणारा माणूस... पण त्या वेळी कुणी हसलं नाही.

आई सावरल्यावर कळलं. सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि आदल्या रात्रीपासून पोटात काहीच नव्हतं. पप्पा चिडून म्हणाले, आपल्यात कुठले आलेत उपास?

आई हळूच म्हणाली, "उपास न्हाई धरला. एवढ्या माणसांत आकडा वाचणार, त्यात दीर बसलेले, अन् वाचणार माझीच लेक... मग घास उतरतो का?"

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आमीबी तसंच करतो की. मंगळवारी रात्रीपासून बंद."

भीती सगळ्यांनाच होती. पुरुषांनी ती मशीनवर काढली, पप्पांनी भाजीवर. बायकांनी स्वतःच्या पोटावर काढली... आणि मी ते आकडे अभिमानाने वाचत होते.

मी सरांना फोन केला, आकडे मोठ्याने वाचणं बंद करू या म्हटलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, मोठ्याने वाचल्यामुळेच पुरुष येतात, चुरस लागते. बायकांना जेवून यायला सांगा, बाकी राहू द्या. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग स्वतःवरच चिडले... जेवून या हे तर आपण पहिल्या दिवसापासून सांगतोय.

आता आई म्हणते, मला वर्गालाच यायचं नाही. म्हणजे तिची शुगर काही जाणार नाही, फक्त कुणाला कळायची थांबेल. शाळेत जायच्या आधी मला अंक आईनेच शिकवले, भाकरी थापता थापता. तिला आकड्याची भीती वाटावी आणि तीही माझ्यामुळे, हे मला चालणार नाही.

चारचौघांत उभं राहून स्वतःचं मत मांडायला मी घाबरते, हे मैत्रिणींना माहीत आहे. तरी ठरलंय. टोचायच्या आधी प्रत्येकाला काय खाल्लं ते विचारणार. आकडा ज्याचा त्याला दाखवणार, मोठ्याने कुणाचाच वाचणार नाही... आप्पांचासुद्धा नाही. आणि हे सरांना फोनवर नाही, सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार.

आई आली तर तिच्यासमोर, नाही आली तर तिच्याशिवाय... येत्या बुधवारी.